साच्यासाठीचा मासा

मासा तयार होता. तो तयार आहे हे परशुराम सोडून सगळ्यांना दिसत होतं. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून जाणाऱ्या हौसाबाईला तर डोक्यावरची पाटी न उतरवताच दिसत होतं.

"काय रे परशुराम, अजून घासतंस? घासून घासून काटो उरतलो तेचो!" ती रस्त्यातूनच ओरडायची. "माझे मासे मेले तरी दुपारपर्यंत खपतत. तुझो मेलो लाकडाचो, जल्माकच येना नाय!"

"साच्याचो मासो तो," परशुराम मान वर न करता म्हणायचा. "तुका नाय कळूचा."

हौसाबाई हसत पुढे जायची. तिला कळत नव्हतं असं नाही. आचऱ्यात वर्षानुवर्षं मासे विकणाऱ्या बाईला माणसं न कळायला काय झालं? पण सगळंच तोंडावर बोलून दाखवायचं नसतं, एवढी समज तिला होती.

परशुराम पूर्वी होडीवर जायचा. गुडघे बोलायला लागल्यावर होडी सुटली आणि गरवणं तेवढं राहिलं. खाडीच्या तोंडाशी खडपावर उभं राहायचं, दोरीला लाकडी मासा बांधून लांब फेकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. हे मासे तो स्वतः करायचा. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वीतभर लांबी, हनुवटीखाली पत्र्याची जीभ आणि पोटाला गळ. पाण्यात ओढला की तो लंगड्या शेवट्या माशासारखा डुलत यायचा, आणि खालून चोणक किंवा तांबोशीसारखी मोठी मासळी त्याच्यावर अशी झडप घालायची की हातातली दोरी बोट कापून जायची. हे मासे दगडात अडकून नाहीतर माशाच्या तोंडातून हरवत जायचे आणि परशुराम नवे करायचा. त्यांचं नाव पार गोव्यापर्यंत गेलं होतं. तिकडचे हौशी गरवणारे हायवेवर बांद्याला थांबायचे आणि किरणच्या दुकानात विचारायचे, आचऱ्याच्या म्हाताऱ्याचा मासा आहे का?

किरण हा परशुरामाचा जावई. बांद्याच्या बाजारात त्याचं दोऱ्या, गळ आणि जाळ्यांचं दुकान. मासा आहे का, या प्रश्नाला तो रोज नाही म्हणायचा, कारण परशुरामाच्या हातून आता महिन्याला एखादाच मासा निघत होता. शेवटी दिव्यानं, म्हणजे परशुरामाच्या एकुलत्या मुलीनं, तोड काढली. ती घरी रेझिनच्या पाट्या, की-चेन असलं काहीबाही करून विकायची. साचे करणं तिच्या हातात बसलं होतं.

"बाबा, एकच मासो असो करून दिया, ज्यात कायएक खोट नाय," दिवाळी झाल्यावर एका आयतवारी येऊन ती म्हणाली होती. "मी तेच्यावर रबर ओतून साचो करतंय. मगे त्या साच्यातसून व्हये तितके मासे निघतले. तुमका परत तासूचा नको."

साचा हा प्रकार मात्र भलताच चोखंदळ. लाकडातलं टाचणीच्या टोकाएवढं भोक, ब्रशातून सुटलेला केस, बोटाचा ठसा, जे असेल ते रबर इमानदारीनं उचलतं आणि मग प्रत्येक माशाच्या अंगावर तेच उमटतं. एरवी परशुराम मासा तासून, रंग चढवून मोकळा व्हायचा. चोणक काही भिंग लावून बघत नाही. पण साच्यासाठीचा मासा म्हणजे पुढच्या सगळ्या माशांचा बाप. त्याची गळाची भोकं बुजवायची, लाकडाला लाखेचं पॉलिश पाजायचं, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पाण्यात भिजवलेल्या काचकागदानं घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. जुन्या बारीक जाळ्याचा तुकडा ओल्या लांबीवर दाबून अंगावर खवले उमटवायचे. डोळ्यांच्या खोबणी दोन्हीकडे सारख्या आल्या की नाही ते बघायचं. आणि शेवटी वार्निशचा असा हात द्यायचा की कुठे रेघ दिसता कामा नये.

हे सगळं परशुरामानं पहिल्या पंधरवड्यातच करून टाकलं होतं. पुढचं सगळं घासणं हे निव्वळ लबाडीचं होतं.

त्याचं असं झालं. त्या घरात बाप आणि चेडू, म्हणजे लेक, एकमेकांशी कधी थेट बोललेच नव्हते. भांडण नव्हतं, राग नव्हता. फक्त मध्ये यमुनाबाई असायची आणि सगळं तिच्या मार्फत चालायचं. पोरगी समोर बसलेली असली तरी परशुराम बायकोला म्हणायचा, "तिका सांग, दिवो मालव म्हणान." पोरगी आईला म्हणायची, "बाबांका इचार, जेवक वाढू?" यमुनाबाई दोघांच्या मध्ये उभी राहून कपाळाला हात लावायची, "अरे, तोंडां काय भाड्यान दिलास तुमी?" आणि तरी निरोप पोचवायची. दिव्या लग्न होऊन बांद्याला गेल्यावरही तेच. फोन आला की यमुनाबाई बोलायची आणि परशुराम बाजूला बसून आपल्याबद्दल काय विचारलं जातंय ते कान देऊन ऐकायचा. मग यमुनाबाई गेली. निरोप नेणारं माणूसच गेलं. दिव्या फोन करायची, "बरा आसा?" तो म्हणायचा, "आसा. तुमचा?" "आसा." त्यानंतर दोन्हीकडे श्वास ऐकू यायचे, आणि मग कुणीतरी फोन ठेवायचं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. इकडचा माणूस कामाशिवाय कुणाच्या दारात जात नाही. नुसतं भेटावंसं वाटलं तरी निदान कोयता मागायला आलो, रोपं बघायला आलो, असं काहीतरी बरोबर घेऊनच जातो, आणि पडवीत बूड टेकण्याआधी ते सांगून टाकतो. आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर दिव्याकडे आचऱ्याला यायला काही कामच उरलं नाही. चतुर्थीला एक दिवस यायची, गणपतीच्या पाया पडून जायची. परशुरामाला तिची आठवण यायची, फार यायची. पण आठवण येते हे काही काम नव्हे.

आणि मग हा मासा आला.

मासा तयार झाला त्या आयतवारी दिव्यानं तो हातात घेऊन उन्हात फिरवला आणि "बरो झालो" म्हणत पिशवीत ठेवायला कापड काढलं. तिचा दुसरा हात मोबाईलकडे गेला, गाडीची वेळ बघायला. आणि परशुरामाच्या तोंडातून, त्यानं ठरवलेलं नसताना, शब्द निघाले, "शेपटेकडे वायच भोकां दिसतत."

"खंय?"

"हयसर. उन्हात बघ."

भोकं नव्हती. दिव्यानं मासा डोळ्याजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि कापडाची घडी घालून परत पिशवीत ठेवली. "होय," ती म्हणाली. "दिसतत खरी. मगे पुढच्या आयतवारी नेतंय."

तिथून हे सुरू झालं. पुढच्या आयतवारी डावा डोळा वर वाटला. त्याच्या पुढच्या आयतवारी कल्ल्याची रेघ उथळ होती. मग पोट एका बाजूला जड दिसू लागलं. दर वेळी दिव्या सकाळी यायची, मासा बघायची, बापाच्या बाजूला पडवीत बसायची आणि दोघं मिळून तो मासा घासायची. बोलणं माशाचंच. पण माशाचं बोलता बोलता वाट कुठे कुठे फुटायची. ती सांगायची, साचा करताना मासा निम्मा मातीत पुरायचा, नाकापासून शेपटीपर्यंत बरोबर मधल्या रेघेवर, आणि मग एका कुशीचं रबर झालं की उलटा करायचा. तो म्हणायचा, "आईक तुझ्या चोणकाच्या डोक्याचा सार व्हया असायचा." दुपारी तो भात टाकायचा, ती माशाचं तिखलं करायची. संध्याकाळी ती गाडीला गेली की पडवीत लांबीचा पांढरा भुगा आणि दोन पाट उरायचे. भुगा तो झाडायचा. दुसरा पाट तसाच ठेवायचा.

आयतवार ते आयतवार परशुराम जवळजवळ स्वप्नातच असायचा. सकाळचं ऊन माडांतून खाली यायला वेळ लागायचा. खाडीवरचं धुकं अंगणात येऊन बसायचं आणि निवांतपणे निघून जायचं. मासा मांडीवर, कागद बोटांत. घासता घासता डोळे मिटायचे, पण हात चालूच. मग लाकूड ओलं व्हायचं, थंड व्हायचं, तळव्यात हलकेच वळवळायचं, आणि तो मासा हातातून सुटून अंगणातूनच पाण्यात शिरायचा. परशुराम त्याच्या मागून जायचा. पाण्याखाली ऊन हिरवं असायचं. तिवरांच्या मुळांतून वाट जायची, होड्यांचे तळ डोक्यावरून सरकायचे, कुठेतरी वर कुणी कपडे धूत असायचं आणि त्याचा आवाज फार लांबून यायचा. त्याचे हरवलेले सगळे मासे तिथे होते. दगडांत अडकलेले, दोरी तुटलेले, रंग उडालेले. ते त्याला ओळखायचे आणि वाट द्यायचे. शेवटी जिथे खाडीचं पाणी संपून समुद्राचं सुरू होतं तिथे यमुनाबाई बसलेली दिसायची, घरच्या पायरीवर बसावं तशी, मांडीवर सूप घेऊन. ती काही बोलायच्या आत हौसाबाईची हाक यायची आणि तो जागा व्हायचा. मासा मांडीवर कोरडाच असायचा.

एक गोष्ट मात्र त्याला चक्रावून टाकत होती. खोटे दोष काढता काढता अधूनमधून खरे सापडू लागले. एकदा दिव्या गेल्यावर बघतो तर कल्ल्याजवळ बारीक ओरखडा. एकदा शेपटीच्या टोकाचा कोपरा उडालेला. हे आपल्या हातून कधी झालं ते त्याला काही केल्या आठवेना. डोळे गेले की डोकं गेलं, असं त्यानं स्वतःला विचारून पाहिलं, पण उत्तर आवडणारं नव्हतं. म्हणून त्यानं सगळा आळ घरच्या मांजरावर घातला आणि चार दिवस त्याला पडवीत पाऊल ठेवू दिलं नाही.

थंडी सरत आली तेव्हा किरणचा फोन आला. जावई मितभाषी. त्याचा फोन म्हणजे खरोखरचं काम असायचं.

"बाबा, माशाचा खंय इला?"

"होता, होता. वायच उरलाहा."

"नाय, घाई नाय. पण एक सांगू? दिव्या आयतवारी काळोखात उठता. बांद्यातसून कणकवली, थयसून आचरा, परत तशीच. घरात येता तेव्हा पाठ धरून बसता. आठवडोभर पाट्येंची कामा आसतत, एकच दिवस इश्रांतीचो, तोव जाता. ती तुमका सांगूची नाय, म्हणान मी सांगतंय. रागाव नकात."

"रागावतंय कित्याक," परशुराम म्हणाला. "बरा केलंस सांगितलंस."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी की त्यानं मासा कापडात गुंडाळून नजरेआड ठेवून दिला. आपल्याला एक दिवस माणूस मिळावं म्हणून आपण पोरीची पाठ मोडतोय. तिला वाटतंय म्हातारा कामाचा पक्का आहे, आणि म्हातारा तर फसवतोय. चोणकाला फसवणं वेगळं, तिथे दोघांनाही खेळ ठाऊक असतो. ही बिचारी उन्हातान्हात दोन गाड्या बदलून नसलेली भोकं बघायला येते.

त्या दुपारी डोळा लागला तेव्हा यमुनाबाई नेहमीच्या जागी होती. या वेळी हौसाबाईनं हाक मारली नाही. परशुराम जवळ गेला आणि म्हणाला, "तिका सांग गो, मासो झालो म्हणान."

यमुनाबाई सुपातलं काहीतरी निवडत होती. तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेच जुनं वैतागलेलं हसू होतं. "मी आता खंय सांगतलंय रे?" ती म्हणाली. "तूच सांग."

तो उठला आणि कामाला लागला. या वेळी खरोखरच्या. ओरखडा भरला, शेपटीचा कोपरा बांधून काढला, खवल्यांच्या खाचांत अडकलेला भुगा दाताच्या काडीनं एकेक करून साफ केला. हातावर हात ठेवावा इतक्या हलक्या दाबानं शेवटचा कागद फिरवला. असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. मासा विकायचा, हरवायचा, पुन्हा करायचा, हे ठाऊक होतं. मासा द्यायचा म्हणजे पोरगी द्यायची, हे पहिल्यांदा होत होतं. आयतवारी सकाळी वार्निशचा शेवटचा हात देऊन त्यानं मासा तारेनं पडवीच्या वाशाला टांगला. वाऱ्यावर तो सावकाश फिरू लागला, एक कूस उजेडात, एक सावलीत. परशुराम त्याच्याकडे बघत बसला. रडू आलं तर त्यानं येऊ दिलं, कुणी नव्हतं बघायला.

दिव्या आली तेव्हा हौसाबाई नेमकी गडग्यापाशी होती. "गे बाय, बापाशीन तुझ्या मासो संपवल्यान वाटता," ती म्हणाली. "आज चेडवाक उगीच बसचा लागतला!" आणि पाटी सावरत निघून गेली.

"झालो," परशुराम म्हणाला.

दिव्यानं पिशवी खाली ठेवली. "झालो?"

"सगळो. डोळे सारखे आसत, कल्ले बरे आसत. वार्निश वायच ओला आसा, सांजवेळपर्यंत सुकात. सांजच्या गाडयेक घेवन जा. आता तुका परत येवचा पडूचा नाय."

ती वाशाखाली उभी राहून माशाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून तो वाट बघत होता. "कायएक खोट नाय," ती हळूच म्हणाली. "बघूया म्हटला तरी नाय."

"चाय करतंय," म्हणून तो आत गेला. तिथे उभं राहणं त्याला जमलं नसतं.

चहा ओतून कप हातात घेऊन तो उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थबकला. दिव्या त्याच्याकडे पाठ करून उभी होती. तिनं रस्त्याकडे पाहिलं. विहिरीकडे पाहिलं. मग डाव्या हातानं तार धरून फिरणारा मासा थांबवला, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या ओल्या कुशीवर ठेवला, आणि दाबला. चुकून लागल्यासारखा नाही. कागदावर उठवावा तसा, नीट, जोर देऊन. मग अंगठा ओढणीला पुसला आणि मासा पुन्हा हळूच फिरायला सोडला.

पहिल्यांदा परशुरामाच्या आतला कारागीर भडकला. आठवडाभराचं काम! त्याच्या तोंडापर्यंत शिवी आली होती. आणि मग ती तिथेच राहिली, कारण ओरखडा आठवला. शेपटीचा कोपरा आठवला. पहिल्या आयतवारी नसलेली भोकं बघून "दिसतत खरी" म्हणणारी आणि कापडाची घडी घालून ठेवणारी पोरगी आठवली. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तिला ठाऊक आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं मनातल्या मनात मांजराची माफी मागितली.

दोन पावलं मागे जाऊन तो मोठ्यानं खोकला, आणि मग बाहेर आला.

"बाबा," दिव्या जमिनीकडे बघत म्हणाली, "हयसर बोट लागलाहा वाटता."

त्यानं कप खाली ठेवले, चष्मा लावला, मासा उजेडाकडे फिरवला. ठसा लहान होता, ताजा होता, त्यातली रेघन् रेघ मोजता आली असती. परशुरामाचा अंगठा त्याच्या दुप्पट होता. "माझाच असतला," तो म्हणाला.

"तुमचाच असतला."

"परत घासूक व्हया."

"मगे पुढच्या आयतवारी येतंय," दिव्या म्हणाली. लगेच म्हणाली.

झालं. आणखी एक आयतवार मिळाला होता. त्यानं हं म्हटलं असतं की पुरे. पण तिनं बसताना कमरेवर हात ठेवला तो त्यानं पाहिला. त्यानं बाजूला नजर टाकली, जुन्या सवयीनं, निरोप सांगायला कुणीतरी असेल म्हणून. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. जे सांगायचं ते समोर बसलेल्या माणसालाच सांगावं लागणार होतं.

"दिव्या," तो म्हणाला. तिला नावानं हाक मारून किती काळ लोटला होता कोण जाणे. ती दचकलीच. "मासो आज घेवन जा. हो ठसो घासून काढूक तुका माझ्यापेक्षा बरा येता. साचो कर, मासे काढ, वीक. पुढच्या आयतवारी तू येव नको, इश्रांती घी. मी येतंय बांद्याक."

"तुमी?" तिनं अंगठा मुठीत झाकून घेतला होता. "बांद्याक? तुमचे गुडघे..."

"गुडघे घेवनच येतंय."

ती हसली, पण हसू पुरतं झालं नाही. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिच्याजवळ काही नव्हतं, मासाही नाही. "आणि दुकानात कोणी इचारल्यान, काय काम काढलास म्हणान, तर काय सांगतलास?"

परशुरामानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "सांगतंय, माझ्या चेडवाक बघूक इलंय."